फायलीच्या नावातील मोकळी जागा
धार व देवासच्या कागदपत्रांच्या निमित्ताने

जुन्या मोडी कागदात दोन शब्दांमध्ये जागा सोडण्याची पद्धत नव्हती. लिहिणारा आधी आडवी रेघ ओढी आणि तिच्याखाली अक्षरे एकापाठोपाठ एक जोडीत जाई. शब्द कोठे संपला, हे वाचणाऱ्याने अर्थावरून ठरवावयाचे. माळव्यातील धार आणि देवास येथील पवार घराण्यांचा मोडी पत्रव्यवहारही याच वळणाचा आहे. पुढे छपाई आणि बाळबोध लिपी यांच्यामुळे शब्दांमधील मोकळी जागा आपल्या इतकी अंगवळणी पडली की, तीही एक खूण आहे याचा आपणास विसर पडला. संगणकास मात्र तो विसर पडत नाही. त्याच्या लेखी मोकळी जागा हे एक अक्षरच असते आणि ‘येथे नाव संपले’ असा तिचा अर्थ तो अनेकदा घेतो.

जुन्या कागदांची छायाचित्रे व त्यांचे लिप्यंतर एकत्र करून पुस्तिका सिद्ध करणाऱ्या कार्यकर्त्यांना या एवढ्याशा गोष्टीपायी पुष्कळ त्रास होतो. तो कसा होतो आणि कसा टाळावा, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

एक गाव, दोन संस्थाने

उदाहरणादाखल देवासच घेऊ. तुकोजी व जिवाजी या पवार बंधूंपासून देवासच्या दोन शाखा निघाल्या. एक थोरली पाती व दुसरी धाकटी पाती. गाव एक, परंतु राजे दोन आणि दरबारही दोन. १९४८ मध्ये ही दोन्ही संस्थाने व शेजारचे धार संस्थान मध्यभारतात विलीन झाले आणि १९५६ पासून हा प्रदेश मध्य प्रदेश राज्यात आहे. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर १९२१ मध्ये देवासच्या महाराजांचे खाजगी चिटणीस होते, ते थोरल्या पातीकडे. १९४७ मध्ये कोल्हापूरच्या गादीवर शहाजी महाराज म्हणून आलेले विक्रमसिंहरावही थोरल्या पातीचेच. तेव्हा एखाद्या कागदावर नुसते ‘देवास’ लिहिल्याने इतिहासाच्या दृष्टीने काहीच निश्चित होत नाही. पाती कोणती, हे कळलेच पाहिजे.

साहजिकच संगणकावर कागद लावणारा मनुष्य एका फोल्डरला ‘देवास थोरली पाती’ आणि दुसऱ्यास ‘देवास धाकटी पाती’ असे नाव देतो. आत ‘पत्र १’, ‘पत्र २’ अशी चित्रे ठेवतो. मनुष्याच्या दृष्टीने ही नावे निर्दोष आहेत. अडचण पुढे येते.

लाटेकमध्ये काय घडते

ग्रंथरचनेसाठी वापरल्या जाणाऱ्या लाटेक या प्रणालीचा पाया म्हणजे डोनाल्ड कनूथ यांनी १९७८ मध्ये प्रथम तयार केलेली टेक ही प्रणाली होय. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० नंतरच्या दशकात लाटेक उभारली. मूळ टेकमध्ये ‘इनपुट’ या आज्ञेने दुसरी फाईल आत घेता येते. मात्र फाईलचे नाव पहिल्या मोकळ्या जागेशी संपले असे ती धरते. म्हणजे ‘देवास थोरली पाती’ लिहिले असता ती ‘देवास’ नावाची फाईल शोधू लागते. तशी फाईल योगायोगाने असलीच, तर तीच आत घेते आणि उरलेले ‘थोरली पाती’ हे शब्द मजकूर समजून पानावर छापते. फाईल न मिळाल्यास काम तेथेच थांबते. थांबणे परवडले, चुकीच्या फाईलसह पुढे जाणे अधिक घातक.

अलीकडच्या आवृत्त्यांत या बाबतीत पुष्कळ सुधारणा झाली असून महिरपी कंसात दिलेले मोकळ्या जागेचे नाव बहुधा नीट वाचले जाते. तथापि दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली अशी की, लागोपाठ आलेल्या दोन मोकळ्या जागा टेक एकच समजते. त्यामुळे नावात चुकून दोन जागा पडल्या असतील, तर पडद्यावर नाव बरोबर दिसूनही फाईल सापडत नाही. दुसरी अशी की, लाटेकच्या सोबतीने चालणारे कार्यक्रम इतके समंजस नसतात. संदर्भसूची तयार करणारे बिबटेक तर नावात मोकळी जागा दिसताच तक्रार करते.

एक अनुभव

काही वर्षांपूर्वी एका कार्यालयात अशाच स्वरूपाची पुस्तिका तयार होत असता मी तेथे होतो. चित्रे पानावर येईनात. मोकळ्या जागेमुळे अडते आहे, हे एका तरुण सहकाऱ्याच्या लक्षात आले. निदान अचूक होते, उपाय मात्र चुकला. त्याने दोन्ही फोल्डरांच्या नावांतील पहिल्या जागेपुढचे शब्द काढून टाकले. दोहोंचे नाव ‘देवास’ झाले. ‘एकत्र करावयाचे काय?’ असे संगणकाने विचारले आणि घाईत होकार दिला गेला. एका पातीच्या ‘पत्र १’वर दुसऱ्या पातीचे ‘पत्र १’ बसले. दोन दरबार जे करू शकले नाहीत, ते एका होकाराने झाले!

पुस्तिका विनातक्रार तयार झाली. मुद्रिते तपासताना मोडी वाचणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांनी सहज चित्राकडे पाहिले आणि म्हणाले, ‘‘अहो, खाली छापले आहे ते या कागदात कोठे आहे?’’ त्यांनी ते म्हटले नसते, तर एका संस्थानचा कागद दुसऱ्याच्या नावावर छापला गेला असता आणि पुढील अभ्यासकांनी तो तसाच उद्धृत केला असता. मूळ चित्रांची एक प्रत निराळ्या ठिकाणी सुरक्षित होती, म्हणून काम निभावले.

काही सूचना

१. नावात मोकळ्या जागेऐवजी संयोगचिन्ह वापरावे; शब्द मात्र गाळू नये. ‘देवास-थोरली-पाती’ हे नाव मनुष्यासही कळते व यंत्रासही. अधोरेषाही चालते, परंतु तेच नाव चित्राखाली छापू गेल्यास लाटेक अडखळते.

२. अनुक्रमांक ००१, ००२ असे लिहावेत. अन्यथा काही ठिकाणी १ नंतर १० आणि मग २ असा क्रम लागतो.

३. फोल्डराच्या नावावर विसंबू नये. प्रत्येक फाईलच्या नावातच पातीचा उल्लेख असावा. उदाहरणार्थ, ‘थोरली-पत्र-००१’ आणि ‘धाकटी-पत्र-००१’. मग फोल्डर एकत्र झाले तरी कागद एकमेकांवर बसणार नाहीत.

४. लाटेकमध्ये मार्ग लिहिताना नेहमी / ही तिरपी रेघ वापरावी. \ या चिन्हापासून लाटेकची आज्ञा सुरू होते. % या चिन्हापुढचा ओळीतील मजकूर लाटेक वाचतच नाही. म्हणून तेही नावात नसावे.

५. मोकळी जागा असलेले नाव बदलणे आपल्या हाती नसेल, तर लाटेकमध्ये ते महिरपी कंसात आणि आज्ञा टंकित करून देताना दुहेरी अवतरणचिन्हांत द्यावे.

६. देवनागरी नावे झीलाटेकमध्ये चालतात. तथापि ‘सुभेदाऱ्या’ या शब्दातील ‘ऱ्य’ दोन निरनिराळ्या प्रकारे टंकित होऊ शकतो. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात, यंत्रास ते भिन्न वाटतात. म्हणून नाव पुन्हा टंकित न करता मुळातून उतरवून घ्यावे.

७. नावे बदलण्यापूर्वी मूळ चित्रांची प्रत निराळी ठेवावी आणि जुने नाव व नवे नाव यांची यादी करावी. दप्तरातील मूळ क्रमांक त्या यादीत अवश्य नोंदवावा.

या सूचनांपैकी शेवटची सर्वांत महत्त्वाची आहे. कागद कोणत्या दप्तरातला, कोणत्या घराण्याचा, हे सांगणारी नोंद हरवली की कागद हाती असूनही साक्षीदार मुका होतो. मोडी लिहिणाऱ्याने जागा सोडली नाही, तरी वाचणारा अर्थावरून शब्द तोडू शके. यंत्रास अर्थ कळत नाही. म्हणून नाव कोठे सुरू होते व कोठे संपते, हे त्यास आपणच निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. नाव देण्यास लागणारे ते अर्धे मिनिट म्हणजे दप्तरदाराच्या जुन्या शिस्तीचाच नवा भाग होय.