पट्टी हाती येईपर्यंत

हापूसच्या बागेचा खर्च बारमाही असतो आणि उत्पन्न मात्र चैत्र-वैशाखाच्या दोन महिन्यांत गोळा करावे लागते. त्यातही या कलमांना वर्षाआड भरून फळ धरण्याची खोड असल्यामुळे गेल्या सालच्या जमेवरून यंदाची जमा ठरविता येत नाही. रत्नागिरीकडील अनेक बागायतदारांप्रमाणे आमच्या घरीही या अडचणीवर वाडवडिलांपासून एकच तोडगा चालत आला होता, तो म्हणजे वाशीच्या दलालाची उचल. पावसाळा सरता सरता ती घ्यावयाची, तीतून गवतकाढणी, फवारणीची औषधे आणि राखणीच्या नेपाळी गुरख्यांचा पगार भागवावयाचा, जमल्यास गणपतीचा खर्चही तीतच बसवावयाचा, आणि हंगामात पेट्या पाठवून ती फेडावयाची. अशा उचलीवर उघड व्याज सहसा लागत नाही, म्हणून ती निरुपद्रवी भासते. परंतु ज्याची उचल घेतली त्याच्याच गाळ्यावर माल उतरविण्याचे बंधन पडते, आणि शेजारच्या गाळ्यावर चार पैसे अधिक मिळत असले तरी तिकडे पाहता येत नाही, हेच तिचे व्याज होय.

दुसरी फसगत पेट्यांच्या मोजणीत असते. मोहोर पाहताच मनात पेट्यांची बेरीज सुरू होते, आणि गुढीपाडव्याच्या सुमाराचा चढा भाव त्या बेरजेला लावला की माणूस कागदावर श्रीमंत होतो. पुढे आवक वाढून दर उतरतात, आणि दलालाची पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाचा कागद, हाती येते तेव्हा तिच्यावर पेट्यांची संख्या व दर यांच्याखाली मोटारभाडे, हमाली, डागी फळांची घट आणि उचलीची वजावट अशी रांग लागलेली असते. संसार चालतो तो या रांगेखाली उरलेल्या आकड्यावर.

16 मे 2021 रोजी तौक्ते चक्रीवादळ आमच्या किनाऱ्याजवळून गेले, तेव्हा उशिराचा आंबा झाडावरच होता, आणि औषधांच्या दुकानाची थकबाकी व मुलीची फी आम्ही त्याच आंब्याच्या नावे मांडून ठेवली होती. संध्याकाळपर्यंत त्याचा सडा भुईवर पडला. आपटलेले फळ पेटीत भरता येत नाही; उचलीची बाकी पुढील सालावर ओढली गेली. फळपीक विमा अवश्य उतरावा, परंतु त्याची भरपाई हवामानाच्या ठरावीक निकषांवर व ठरावीक मुदतीतच मिळते, म्हणून ती जमेच्या बाजूस आगाऊ लिहू नये.

त्यानंतर घरात जी पद्धत बसविली, ती अनियमित मिळकतीच्या कोणाही गृहस्थास उपयोगी पडावी. मागील पाच सालांच्या पट्ट्या काढाव्यात, प्रत्येक सालच्या रकमेतून बागेचा खर्च वजा करावा, आणि उरलेल्या आकड्यांतील सर्वांत लहान आकडा बारांनी भागावा. समजा तो 3,60,000 रुपये असला, तर घराचा पगार दरमहा 30,000. सरासरी धरण्याचा मोह होतो. परंतु सरासरी पुरते ती भरघोस साल आधी आले तरच, आणि सालांचा क्रम आपल्या हाती नसतो. हंगामाची सारी जमा बागेच्या खात्यात राहू द्यावी व घराच्या खात्यात पहिल्या तारखेस पगाराएवढीच रक्कम वळवावी. विशेषतः जूनमध्ये, कारण शाळेची फी, पावसाळ्याची बेगमी आणि हौसेची खरेदी नेमक्या हात भरलेला असतानाच दारी येतात.

शिल्लक पडेल तिचाही क्रम ठरलेला असावा. प्रथम पुढील हंगामाच्या फवारणीची तरतूद, म्हणजे उचल टळते. मग पीककर्जाची मुदतीत फेड, म्हणजे व्याजाची सवलत हातची जात नाही. मग एका सालाचा घरखर्च. आणि नवी गाडी किंवा माडीचे बांधकाम या तिन्हींच्या मागून. लहान आकड्यात संसार बसतच नसेल, तर पावसाळ्यातील चार महिन्यांसाठी दुसरा उद्योग शोधावा. मोठा आकडा धरून हिशेब जुळविणे सोपे असते, पण त्याची वसुली अखेर बागेकडूनच होते, कारण पैसा अपुरा पडला की पहिली कात्री फवारणीला लागते आणि पुढच्या सालचा मोहोरच हातचा जातो.