ऑस्कर मासा पाळण्याआधी करायचा हिशोब



माशांच्या दुकानात मुलं हमखास बोट दाखवतात ते ऑस्करकडे. दोन इंचांचं पिल्लू, अंगावर नारिंगी नक्षी, माणूस दिसला की काचेजवळ येणारं. पण हेच पिल्लू वर्षभरात आपल्या पंजाहून मोठं होतं, पुढे फूटभर वाढतं आणि दहा वर्षंसुद्धा जगतं. म्हणजे चौथीतल्या मुलाने हट्टाने आणलेला मासा तो कॉलेजात जाईपर्यंत घरात असू शकतो. म्हणून आधी हिशोब, मग खरेदी.

ओळख : ऑस्कर हा दक्षिण अमेरिकेतल्या ॲमेझॉन खोऱ्यातला मासा. कुळ सिक्लिड. या कुळाचा आपल्याकडचा सदस्य म्हणजे केरळचा करीमीन, गोव्यातला काळुंदर. अंड्या-पिल्लांची राखण करणं हा या कुळाचा गुण.

टाकीचं गणित : जोडीसाठी १५० × ४५ × ६० सेंमीची टाकी धरा. घनफळ ४,०५,००० घन सेंमी, म्हणजे ४०५ लिटर. नुसत्या पाण्याचंच वजन ४०५ किलो! स्टँड तेवढा भक्कम हवा. हे उदाहरण वर्गात जरूर सोडवून घ्या.

पाणी : माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन्ही विषारी. हे जिवाणू वाढायला काही आठवडे लागतात, त्यामुळे नव्या टाकीत लगेच मोठा मासा सोडू नका. दर आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन घालवूनच ते टाकीत ओता. फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नका, टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलकेच पिळा. तापमान २५ ते २८ अंश सेल्सिअस ठेवा.

प्रजनन : नर-मादी बाहेरून ओळखता येत नाहीत. म्हणून पाच-सहा पिल्लं एकत्र वाढवतात आणि त्यांची जोडी त्यांनाच जमवू देतात. जोडी जमली की दोघं मिळून एक सपाट दगड तोंडाने साफ करतात. मादी त्यावर हजार-दोन हजार अंडी घालते, मग दोघंही पंखांनी त्यांना वारा घालतात. दिवसभरानंतरही पांढरीच राहिलेली अंडी खराब समजावीत. साधारण तीन दिवसांत पिल्लं बाहेर येतात आणि पुढे आठवडाभरात पोहू लागतात. नवी जोडी सुरुवातीला अंडी खाऊनही टाकते. मुलांना वाईट वाटेल, पण टाकीत सारखा हात घालू नका; त्यांना शांतता द्या.

आता खरा प्रश्न. हजार पिल्लं ठेवणार कुठे? घेणारा आधीच ठरलेला नसेल, तर प्रजननाच्या भानगडीत न पडलेलंच बरं.

आणि एक गोष्ट मुलांच्या मनावर ठसवाच : मासा मोठा झाला म्हणून नदीत, तळ्यात किंवा विहिरीत सोडायचा नाही. आफ्रिकेतला मोझांबिक तिलापिया हासुद्धा सिक्लिडच. १९५२ मध्ये तो भारतात आणला गेला आणि आज अनेक जलाशयांत स्थानिक माशांच्या जागेवर आणि अन्नावर हक्क सांगतोय. "सोडून दिला, सुटला बिचारा" असं आपल्याला वाटतं. तळ्यातल्या माशांना मात्र ते महागात पडतं.

वर्गासाठी उपक्रम : मुलांना एका कागदावर माशाची पूर्ण लांबी, आयुष्य, टाकीचे लिटर, महिन्याचा खर्च आणि 'सुट्टीत गावी गेल्यावर कोण बघणार?' याचं उत्तर लिहायला सांगा. कागद भरला की मग दुकानात जा.