तलावाचे पाणी निवळत नाही? आधी कारण शोधा, मग औषध घाला

उल्हासनगरच्या कापड बाजारात तागे मोजण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने पोहण्याच्या तलावावर लिहावे, याचे काही वाचकांना नवल वाटेल. पण आपल्यापैकी अनेक व्यापारी बंधूंनी धंद्यातून वाचवलेला पैसा बदलापूर, वांगणी, अंबरनाथच्या पलीकडे जमिनीत घातला आहे. त्यावर छोटासा बंगला, बंगल्यापुढे छोटा तलाव आणि शनिवार-रविवारी कुटुंबांना भाड्याने, असा हा जोडधंदा आता चांगलाच रुळला आहे. प्लंबर, वायरमन, फरशीवाले अशा आपल्या कितीतरी कारागिरांनाही त्यातून काम मिळते. या धंद्यातली सर्वांत जुनी तक्रार म्हणजे दुधट पाणी. औषधांवर औषधे घालूनही ते निवळत नाही. त्यात माझे स्वतःचे नुकसान झाले आहे, म्हणून हा तजुर्बा लिहितो.

आम्हा भावांचा तलाव बदलापूरच्या पुढे आहे. लांबी २४ फूट, रुंदी १२ फूट, एका टोकाला ३ फूट आणि दुसऱ्या टोकाला ५ फूट खोल, म्हणजे सरासरी ४ फूट. २४ गुणिले १२ गुणिले ४ म्हणजे १,१५२ घनफूट. एका घनफुटात सुमारे २८.३ लिटर, म्हणजे आमचे पाणी सुमारे ३२,६०० लिटर. हा हिशोब प्रत्येकाने एकदा करून पंपाच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवावा. दुकानदाराने “किती लिटरचा तलाव?” असे विचारले आणि आपण “असेल मध्यम” असे म्हटले, की तिथूनच पैसा वाया जायला लागतो.

दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात आमचे पाणी दुधासारखे झाले. राखणदाराने ब्लीचिंग पावडर घातली. दुसऱ्या दिवशी पाणी आणखी पांढरे. त्याने आणखी घातली. मी फोनवरून म्हणालो, “घाल अजून दोन किलो.” शनिवारी पाहुणे आले आणि पाणी तसेच असताना मी त्यांना उतरू दिले, कारण आगाऊ पैसे घेतलेले होते. दुपारी त्यांचा सात-आठ वर्षांचा मुलगा खोल टोकाला गेला. सगळे तिथेच होते, पण तळ दिसत नसल्यामुळे तो खाली आहे हे कोणालाच कळले नाही. त्याच्या मामाच्या पायाला काहीतरी लागले म्हणून त्याने हात घातला आणि मुलाला वर काढले. मूल खोकले, रडले आणि ठीक झाले. मी पैसे परत केले. त्या रात्री मला झोप लागली नाही.

म्हणून पहिला नियम औषधाचा नाही, नजरेचा आहे. खोल टोकाच्या तळाला काळी थाळी टाकावी. काठावर उभे राहून तिची कड स्पष्ट दिसली तरच माणसांना उतरू द्यावे. दिसली नाही तर तलाव बंद, मग बुकिंग कितीही मोठे असो.

आता कारणांकडे येऊ. पाणी ढगाळ दिसते कारण त्यात डोळ्यांना एकेकटे न दिसणारे बारीक कण तरंगत असतात. हे कण चार तऱ्हेचे असू शकतात: चुना, माती, मेलेले शेवाळ व जंतू, आणि माणसांच्या अंगावरून व कपड्यांवरून आलेली घाण. दिसायला सगळे सारखेच, पण इलाज प्रत्येकाचा निराळा. त्यावर दोन पेल्यांची सोपी परीक्षा आहे.

काचेचे दोन स्वच्छ पेले तलावाच्या पाण्याने भरावेत. एकात म्युरिएटिक ॲसिडचे दोन-तीन थेंब टाकावेत, हातात रबरी मोजे घालून. ते नसेल तर दोन चमचे पांढरा सिरका चालतो. पाणी ढवळताच निवळले तर समजावे, तो चुना आहे. दुसरा पेला न हलवता रात्रभर ठेवावा. सकाळी तळाशी थर बसला असेल तर ती माती. दोन्ही पेले ढगाळच राहिले तर बहुधा शेवाळ किंवा अंगाची घाण आहे, किंवा रात्रभरातही खाली न बसणारी अतिबारीक चिकणमाती.

आमच्या पहिल्या पेल्यातले पाणी अर्धे निवळले. म्हणजे अर्धा रोग मीच पोत्याने विकत आणला होता! ब्लीचिंग पावडरमध्ये क्लोरीन साधारण तिसरा हिस्सा असतो आणि बाकीचा बराचसा भाग चुन्याचा. त्यातला न विरघळणारा गाळ पाण्यात राहतो, शिवाय पाण्याचा पीएच वर चढतो. आपल्याकडे टँकरने येणारे बोअरचे पाणी बहुतेक वेळा जड असते. जड पाण्याचा पीएच चढला आणि वर मे महिन्याचे ऊन असले की पाण्यात विरघळलेला चुनाही पांढरा होऊन बाहेर पडतो. जड पाण्यात रंग डागाळतो हे कापडवाल्याला ठाऊक असते, पण तलावाशी त्याचा संबंध मला उशिरा सुचला. ब्लीचिंग पावडर वापरायचीच असेल तर ती बादलीत कालवून काही तास ठेवावी आणि फक्त वरचे नितळ पाणी तलावात घालावे. त्यापेक्षा द्रवरूप हायपो बरा. जीन्स फिकी करायला कॅम्प ५ मध्ये वापरत असत तोच हा सोडियम हायपोक्लोराइट. मात्र पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या कॅनचा जोर उन्हाळ्यात झपाट्याने उतरतो, म्हणून लागेल तेवढाच आणावा.

चुन्याचा इलाज पीएच उतरवणे हा आहे. पीएच ७.२ ते ७.६ मध्ये असावा. ८ च्या वर गेला की क्लोरीन असूनही त्याचे काम मंदावते. ॲसिड थोडे थोडे, बादलीभर पाण्यात मिसळून, पंप चालू असताना घालावे आणि चार-पाच तासांनी पुन्हा मोजावे. बादलीत आधी पाणी घ्यावे, मग त्यात ॲसिड ओतावे, उलट कधीही करू नये.

येथे एक सक्त ताकीद. ॲसिड आणि हायपो किंवा ब्लीचिंग पावडर एकत्र आले की क्लोरीनचा विषारी वायू सुटतो. अंबरनाथ-बदलापूरच्या रासायनिक पट्ट्यात राहणाऱ्यांना वायुगळती म्हणजे काय हे सांगायला नको. हाच प्रकार आपण आपल्या पंपाच्या लहानशा खोलीत घडवून आणू नये. तसेच बाजारात टीसीसीए नावाने मिळणाऱ्या गोळ्या किंवा दाणे आणि ब्लीचिंग पावडर यांचा मेळ झाल्यास आगीचा धोका असतो. दोन्हींसाठी एकच डबा किंवा एकच पळी वापरू नये.

आमचा अर्धा रोग असा गेला, अर्धा राहिला. आता क्लोरीनकडे पाहिले. माझ्याकडे पिवळा रंग दाखवणारी स्वस्त किट होती. तिचा रंग गडद यायचा, म्हणून मी निर्धास्त होतो. पण ती किट एकूण क्लोरीन दाखवते. घामाशी आणि लघवीशी संयोग पावून निकामी झालेला क्लोरीनही त्यातच मोजला जातो. गुलाबी रंगाची, डीपीडी गोळीची किट मोकळा, म्हणजे कामाचा क्लोरीन वेगळा दाखवते. तिने मोजले तर आमच्या पाण्यात मोकळा क्लोरीन जवळजवळ नव्हताच. तलावाला उग्र वास येतो, डोळे झोंबतात, म्हणजे क्लोरीन जास्त झाला असे लोक समजतात. बहुतेक वेळा खरे उलट असते. तो वास निकामी क्लोरीनचा असतो आणि पाण्याला ताज्या क्लोरीनची भूक असते.

ही भूक मोजण्याची रीत अशी. सूर्य मावळल्यावर क्लोरीन मोजावा आणि उजाडण्यापूर्वी पुन्हा मोजावा. रात्री ऊन नसते, त्यामुळे जो घटला तो घाणीने खाल्ला. घट १ पीपीएमपेक्षा जास्त असेल तर पाण्यात शेवाळ किंवा घाण जिवंत आहे. आमची रात्रीची घट ४ होती. मग संध्याकाळी क्लोरीन १० पर्यंत चढवला. ३२,६०० लिटरला १० पीपीएम म्हणजे ३२६ ग्रॅम क्लोरीन, म्हणजेच १० टक्के जोराचा हायपो सव्वातीन लिटर. रोज संध्याकाळी घट भरून काढली, पंप अहोरात्र चालवला आणि तोवर कोणालाही पाण्यात उतरू दिले नाही. पाचव्या रात्रीची घट अर्ध्यावर आली.

जे वर्षानुवर्षे फक्त टीसीसीए वापरतात त्यांच्याकडे आणखी एक भानगड असते. या गोळ्यांत सायन्युरिक ॲसिड असते. ते उन्हापासून क्लोरीनचे रक्षण करते, म्हणून थोडे असणे चांगले. पण ते उडून जात नाही, साठतच राहते. १० पीपीएम क्लोरीनमागे सुमारे ६ पीपीएम साठते. फार साठले की मोजणीत क्लोरीन भरपूर दिसतो आणि पाणी तरी ढगाळ. त्यावर औषध नाही. काही भाग पाणी काढून नवे भरावे लागते.

इतके करूनही आमच्या पाण्यावर धुरकट छटा राहिली. आता फिल्टरची पाळी. फिल्टर वाळूचा आहे आणि त्याचा काटा नेहमी एकाच जागी असे. वाळू घाण धरू लागली की दाब वाढतो. स्वच्छ असतानाच्या दाबापेक्षा ८ ते १० पौंड चढला की बॅकवॉश करावा. आमचा राखणदार दाब न पाहता रोज बॅकवॉश करी आणि मला त्याचे कौतुक वाटे. वास्तविक किंचित मळलेली वाळू बारीक कण जास्त चांगले धरते. रोज धुण्याने पाणीही जाते आणि कामही बिघडते.

मग मी माझ्या धंद्याची अक्कल वापरली. पॉपलीनची एक पिशवी शिवून, फिल्टरमधून तलावात पाणी परत येते त्या तोंडावर सैल बांधली. मलमल चालत नाही, तिची वीण विरळ असते. दोन तासांनी पिशवी उलटी केली. वाळूचे दाणे निघाले असते तर फिल्टरच्या आतल्या जाळीदार नळ्या फुटल्या असे समजायचे. आमच्या पिशवीत निघाले केस, पानांचे तुकडे आणि सुताचा कचरा. म्हणजे पाणी वाळूतून न जाताच परत येत होते. प्लंबरने फिल्टरवरचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह उघडला, तर आतले रबरी गॅसकेट एका जागी फाटलेले. गॅसकेटची किंमत काहीशे रुपये. त्याआधी मी पावडरी, द्रव आणि टँकर यांवर हजारो रुपये घातले होते.

सुताच्या कचऱ्याविषयी कापडवाला म्हणून थोडे सांगितलेच पाहिजे. आपल्याकडची कुटुंबे अंगावरच्या सुती कपड्यांनिशीच पाण्यात उतरतात. नव्या गडद सुती कपड्याचा रंग सुटतो, जुन्याचा कस झडतो आणि तो थेट फिल्टरमध्ये जातो. अंग पूर्ण झाकणारे नायलॉन-पॉलिएस्टरचे कपडे आता सर्रास मिळतात. ते बंगल्यावर भाड्याने ठेवावेत. स्वच्छता राहते आणि दोन पैसेही सुटतात. उतरण्यापूर्वी साध्या पाण्याने आंघोळ सक्तीची करावी.

राहिली तुरटी, जिला आम्ही घरी फिटकरी म्हणतो. रंगरेजांना ती रंग पक्का करण्यासाठी ठाऊक आहे. पाण्यात ती बारीक कणांना एकत्र आणून त्यांचे जड पुंजके करते. बारवी धरणाचे पाणी जांभूळच्या जलशुद्धीकरण केंद्रात येते, तिथेही क्रम हाच असतो: आधी कण एकत्र आणणे, मग खाली बसवणे, मग गाळणे, शेवटी क्लोरीन. पावसाळ्यात उल्हास नदी तांबडी होते, तेव्हा टँकरमधूनही अशी माती येऊ शकते आणि वाळू तिला एकटी धरू शकत नाही. आमच्या तलावाला सुमारे १ किलो तुरटी पुरते. ती बादलीत पूर्ण विरघळवून, पीएच ७.२ च्या आसपास असताना, संध्याकाळी सगळीकडे फिरवून ओतावी. तासभर पंप चालवून मग रात्रभर बंद ठेवावा. सकाळी तळाशी राखाडी थर दिसेल. तो हलक्या हाताने ओढून थेट बाहेर टाकावा, फिल्टरमधून नेऊ नये. मात्रेपेक्षा जास्त तुरटी घातली तर तिचाच ढग होतो. चुन्यावर किंवा फाटलेल्या गॅसकेटवर तुरटी हा इलाज नव्हे, म्हणून ती शेवटी.

बाहेर टाकलेले पाणी कुठे जाते याकडेही लक्ष असावे. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाचा दावा राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला आणि जीन्स धुलाईवाल्यांवर कारवाई झाली, हे आपण जवळून पाहिले आहे. क्लोरीनचे पाणी नाल्यात सोडू नये. खड्ड्यात दोन-चार दिवस उन्हात राहू द्यावे, म्हणजे क्लोरीन उडून जातो. मग झाडांना घातले तरी चालते.

काही वाचक मशिदीच्या हौजाविषयी विचारतील. हौजात मासे असतील तर यातले क्लोरीनचे काहीही लागू करू नये, मासे मरतात. तिथे गाळणे आणि पाणी फिरते ठेवणे एवढेच करावे.

आता आमच्याकडे पंपाच्या खोलीत एक वही टांगलेली आहे. तारीख, पीएच, सकाळ-संध्याकाळचा क्लोरीन, काट्याचा दाब आणि त्या दिवशी किती माणसे उतरली. एका दिवशी एकच बदल करायचा आणि तो लिहायचा, असे राखणदाराला सांगितले आहे. गेल्या गुरुवारी थाळीची कड स्वच्छ दिसत होती. मात्र वहीत सलग नऊ दिवस दाब १२ लिहिलेला आढळला. काटाच अडकला होता, नवा बसवायला सांगितला आहे.