आकाशातील मालगाड्या

मुलांनो, तुमच्या घरी कधी पार्सल आले आहे का? ते तुमच्या गावापर्यंत कसे आले असेल? कधी एस.टी.ने, कधी रेल्वेने, तर कधी ट्रकमधून. काही वस्तू मात्र विमानाने प्रवास करतात. २००७ साली आपला हापूस आंबा अमेरिकेला गेला, तो विमानानेच. जहाजाने जायला कितीतरी दिवस लागले असते आणि आंबे वाटेतच नासले असते.

माणसांऐवजी फक्त सामान नेणाऱ्या विमानाला मालवाहू विमान म्हणतात. ही जणू आकाशातील मालगाडीच! अमेरिकेत अशी विमाने खूप आहेत.

मिसिसिपी नदीच्या काठी मेंफिस नावाचे शहर आहे. रात्री तुम्ही गाढ झोपता, त्या वेळी मेंफिसचा विमानतळ जागा होतो. एकामागून एक विमाने उतरतात. त्यांतील पार्सले सरकत्या पट्ट्यांवरून धावू लागतात. ज्या गावाचे पार्सल, त्या गावाच्या विमानात ते चढते. दिवस उजाडण्यापूर्वी विमाने पुन्हा आकाशात झेपावतात. फेडएक्स या कंपनीने हे काम १७ एप्रिल १९७३ रोजी सुरू केले. पहिल्या रात्री १४ लहान विमाने होती आणि पार्सले होती फक्त १८६!

आता एक गंमत सांगतो. यांतील बरीच मालवाहू विमाने पूर्वी प्रवासी विमाने होती. प्रवाशांना नेऊन ती जुनी झाली, की त्यांतील खुर्च्या काढतात. खिडक्या बुजवतात. बाजूला मोठा दरवाजा बसवतात आणि माल पेलेल अशी भक्कम जमीन तयार करतात. झाले मालवाहू विमान तयार!

पण जुनेच विमान का घ्यायचे? विचार करा. पार्सलांचे विमान बहुतेक रात्री उडते आणि दिवसा उभे असते. नवे विमान फार महाग. ते नुसते उभे ठेवणे परवडत नाही. जुने विमान मात्र स्वस्तात मिळते.

अशा जुन्या विमानांपैकी एक म्हणजे एम.डी.-११. त्याला तीन इंजिने असतात. दोन पंखांखाली आणि एक शेपटीत. १९९० मध्ये ते पहिल्यांदा उडाले. अशी २०० विमाने कॅलिफोर्नियात बांधली गेली. पुढे त्यांचे उत्पादन बंद झाले.

विमान म्हातारे होते म्हणजे काय होते? एक तार घ्या. ती एकाच जागी वाकवा, सरळ करा, पुन्हा वाकवा. पहिल्यांदा काहीच होत नाही. पण पुन्हा पुन्हा केले, की तार तुटते. धातूही असा थकतो. प्रत्येक उड्डाणात आणि उतरताना विमानाच्या भागांवर ताण पडतो. हजारो वेळा ताण पडला, की डोळ्यांना न दिसणारी बारीक चीर पडू शकते. म्हणून विमानाचे वय नुसते वर्षांत मोजत नाहीत. ते किती तास उडाले, किती वेळा उतरले, हेही लिहून ठेवतात आणि त्याप्रमाणे तपासणी करतात.

तपासणी किती महत्त्वाची आहे, हे एका दुःखद घटनेवरून कळते. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी अमेरिकेतील लुइव्हिल शहरातून यू.पी.एस. कंपनीचे एक एम.डी.-११ विमान उडू लागले. ते ३४ वर्षांचे होते. धावपट्टीवरून उठतानाच त्याच्या डाव्या पंखाचे इंजिन निखळले. विमान कोसळले. विमानातील तिघेही गेले आणि जमिनीवरील अनेक माणसेही दगावली. इंजिन धरून ठेवणाऱ्या भागात धातू थकल्याने पडलेल्या चिरा तपासात आढळल्या. सरकारने लगेच सगळ्या एम.डी.-११ विमानांना उड्डाणे थांबवायला लावली. यू.पी.एस.ने तर आपली अशी सर्व विमाने कायमची निवृत्त केली.

मग त्यांच्या जागी कोण येणार? आज बोइंग ७७७ या विमानाचे मालवाहू रूप ते काम करते. त्याला दोनच इंजिने असतात, तरी ते सुमारे १०० टन माल नेते. म्हणजे दहा-दहा टनांचे दहा ट्रक! तीन इंजिनांपेक्षा दोन इंजिनांना इंधन कमी लागते. धूरही कमी होतो. बोइंगने २०२२ मध्ये ७७७-८ या आणखी नव्या मालवाहू विमानाची घोषणा केली. युरोपातील एअरबस कंपनीने ए-३५० चे मालवाहू रूप बनवायला घेतले. त्याचा बराचसा भाग कार्बनच्या धाग्यांपासून बनतो. तो हलका असतो आणि गंजत नाही. पण नवे विमान तयार व्हायला अनेक वर्षे लागतात. तोपर्यंत जुन्या विमानांना जपून वापरावे लागते.

निवृत्त विमानांचे काय होते? कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात ती रांगेने उभी असतात. तेथील हवा कोरडी असल्यामुळे धातू लवकर गंजत नाही. काही विमानांचे चांगले भाग काढून दुसऱ्या विमानांना बसवतात. फेडएक्सने आपली कितीतरी जुनी विमाने शिक्षणसंस्थांना दिली. विद्यार्थी त्यांवर विमानदुरुस्ती शिकतात. फेडएक्सनेच दिलेले एक मालवाहू विमान तर २०१६ मध्ये ऑर्बिस संस्थेचे उडते नेत्ररुग्णालय झाले. ज्या पोटात खोकी भरत, तेथे डॉक्टर डोळ्यांवर शस्त्रक्रिया करू लागले!

मुलांनो, आपल्या घरी जुनी सायकल असते. ब्रेक, साखळी आणि टायर वेळच्या वेळी पाहिले, तर ती पुष्कळ वर्षे साथ देते. पण ती सांभाळण्यापलीकडे गेली, की थांबवावीच लागते. विमानाचेही तसेच आहे. कधी दुरुस्त करायचे आणि कधी थांबवायचे, हे वेळीच ओळखणारा माणूस कित्येकांचे प्राण वाचवतो. उद्या तो माणूस तुमच्यापैकीच कोणी असेल!

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) मालवाहू विमान कशाला म्हणतात?
(आ) एम.डी.-११ विमानाला किती इंजिने असतात?
(इ) निवृत्त विमाने वाळवंटात का ठेवतात?

२. दोन-तीन वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) प्रवासी विमानाचे मालवाहू विमान कसे करतात?
(आ) धातू थकतो म्हणजे काय?

३. उपक्रम : तुमच्या घरातील किंवा शाळेतील एका जुन्या वस्तूची नीट पाहणी करा. ती दुरुस्त करावी की थांबवावी? कारण लिहा आणि वर्गात वाचून दाखवा.