खाकी कॅम्पबेल बदकांची पैदाशीसाठी निवड

गोवंडी, मानखुर्द या बाजूस थोडी मोकळी जागा असलेला पक्षिपालक बदके पाळू म्हणतो, तेव्हा तो बहुधा बाजारातून दिसतील ती बदके घेऊन येतो. ही बहुतेक मिश्र रक्ताची असतात. ती वाईट नव्हेत, परंतु त्यांची पुढील पिढी कशी निघेल याचा भरवसा नसतो. वर्षभर खाद्य घालून अंडी कमी मिळाली, की दोष पक्ष्याच्या माथी मारला जातो. वस्तुतः तो निवडीचा असतो.

अंड्यांसाठी खाकी कॅम्पबेल ही नावाजलेली जात. इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायर परगण्यात श्रीमती कॅम्पबेल यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी ती तयार केली. तिच्यात इंडियन रनर जातीचे रक्त आहे. (नावात ‘इंडियन’ असले तरी रनर बदके मूळची आग्नेय आशियातील होत.) चांगल्या निगेत मादी वर्षाला ३०० च्या आसपास अंडी देते. मात्र असे उत्पन्न शुद्ध व निवडक कळपाचेच.

शुद्ध बीज मिळविण्याची भरवशाची जागा म्हणजे बंगळूरजवळील हेसरघट्टा येथील केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था. मागणी पुष्कळ आधी नोंदवावी. एकट्यादुकट्याने पत्रव्यवहार करण्यापेक्षा चार-पाच पालकांनी मिळून, पशुधन विकास अधिकाऱ्यांच्या सल्ल्याने, एकत्र मागणी करणे सोयीचे.

खासगी पालकाकडून पक्षी घेताना बारकाईने पाहावे. मादीचा रंग सर्वांगी खाकी असावा. डोळ्यावरून पट्टा किंवा गळ्याभोवती पांढरे कडे दिसल्यास जात शुद्ध नाही असे समजावे. नराचे डोके गडद काशाच्या रंगाचे असते. लिंग ओळखण्यास आवाज उत्तम: मादी मोठ्याने ओरडते, नराचा आवाज घोगरा व दबका असतो. वयात आलेल्या नराच्या शेपटावरील पिसे वर वळलेली असतात. नुसत्या रूपावरून मात्र अंड्यांची खात्री पटत नाही. विक्रेत्याकडे अंड्यांची नोंदवही आहे काय, हे आधी विचारावे. नोंद नसेल, तर तो पक्षी पैदाशीसाठी घेऊ नये. सहा माद्यांस एक नर पुरतो. नर शक्य तो दुसऱ्या कळपातील घ्यावा, म्हणजे जवळच्या नात्यातील संकर टळतो.

आणलेले पक्षी तीन आठवडे जुन्या कळपापासून दूर ठेवावेत. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातील नवापूर येथे कोंबड्यांत बर्ड फ्लूची साथ आली, तेव्हा तेथील पालकांचे कळपच्या कळप नष्ट करावे लागले. बदकात या रोगाचे विषाणू असूनही लक्षणे दिसत नाहीत, हा मोठा धोका आहे. गोवंडीपासून जवळच्या ठाणे खाडीत हिवाळ्यात रानबदके उतरतात. म्हणून पाळीव बदके तेथे चरावयास सोडू नयेत. गटारे व कुजक्या डबक्यांपासूनही ती दूर ठेवावीत, कारण तेथील विषाने पक्ष्यांच्या माना लुळ्या पडून ते मरतात. बुरशी आलेली शेंगदाण्याची पेंड तर बदकांना कधीही घालू नये. कोंबड्यांपेक्षा त्यांना ती अधिक बाधते.