वणव्याची वर्दी

फाल्गुन-चैत्रात विदर्भातील रानांत पानगळ होऊन भूमीवर वाळलेल्या पाल्याचे जाड अंथरूण पसरते. याच दिवसांत मोहाची फुले गळू लागतात. ती वेचणे सोपे जावे म्हणून कोणी झाडाखालचा पाला पेटवितो व आग पुरती न विझविताच घरी परततो. दुपारी वारा सुटला, की तिचाच वणवा होतो! कोवळी रोपे करपतात, भूमीवरील घरट्यांतील पिले होरपळतात आणि उघडी पडलेली माती पावसात वाहून जाते.

वणवा पसरू नये म्हणून वनरक्षक उन्हाळ्यापूर्वीच जाळरेषा काढतात. म्हणजे ठराविक पट्ट्यातील गवत व पाला नाहीसा करतात. जळण्यास काही उरले नाही, की अग्नी तेथेच थबकतो. भारतीय वन सर्वेक्षण ही संस्था २००४ सालापासून उपग्रहांच्या साहाय्याने आगीची ठिकाणे हेरून राज्यांच्या वनविभागांना कळवीत आली आहे. परंतु उपग्रह आग पाहतो, विझवीत नाही.

म्हणून रानालगतच्या गावकऱ्यांनी मोहाखालचा पाला जाळू नये, झाडावा. गवताच्या गंजी घरांपासून दूर रचाव्यात. वनरक्षकाचा दूरध्वनी क्रमांक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लिहून ठेवावा आणि धूर दिसताच वर्दी द्यावी. तहान लागल्यावर विहीर खणणाऱ्याला पाणी मिळत नाही. वणव्याचेही तसेच आहे.