ओले काँक्रीट आणि कातडी

घरामागच्या जागेत टेनिसचे कोर्ट करताना एका गृहस्थांनी नेटचे खांब स्वतःच रोवले. खांबांत अंतर ४२ फूट, उंची साडेतीन फूट; हिशेब चोख होता. पण खड्ड्यात काँक्रीट भरताना ते तासभर ओल्या मालातच गुडघे टेकून बसले. तेव्हा काहीच दुखले नाही. रात्री आग सुरू झाली. सकाळी माझ्याकडे आले, तेव्हा दोन्ही गुडघ्यांची कातडी काळपट पडून खोलवर जळली होती. पुढे मांडीची कातडी काढून तिथे लावावी लागली.

सिमेंटला पाणी लागले की त्यात चुना सुटतो. ओल्या मालाचा पीएच १२ ते १३ असतो. ही अल्कली कातडीत हळूहळू मुरते आणि दुखू लागेपर्यंत काही तास निघून जातात. चुन्याने हात खाल्ला, असे गवंडी म्हणतात ते हेच.

म्हणून रबरी हातमोजे व गमबूट घाला. विजार बुटाच्या बाहेर ठेवा, नाहीतर मालाचे पाणी आत उतरते. गुडघ्याखाली फळी घ्या. माल लागलाच तर भिजलेले कपडे, मोजे लगेच काढून वाहत्या पाण्याखाली निदान २० मिनिटे धुवा. बादलीत हात बुडवून भागत नाही. लिंबू, हळद, टूथपेस्ट काहीही लावू नका. डोळ्यात थेंब उडाला तर पापण्या उघड्या धरून धुवा आणि तडक नेत्रतज्ज्ञांकडे जा.

सिमेंटमधील क्रोमियममुळे गवंड्यांच्या हाताला इसबही होतो. त्याविषयी पुन्हा केव्हातरी.